गेमिंग लॅपटॉप तापतो तेव्हा : खिशात हात घालण्याआधी करायच्या तपासण्या



आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता एक जाडजूड, वजनदार लॅपटॉप आलेला आहे. नातवंडे त्याला ‘गेमिंग लॅपटॉप’ म्हणतात. नाव खेळाचे असले तरी तो फक्त खेळण्यासाठी घेतलेला असतो असे नाही. आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग, इंजिनिअरिंगचे डिझाइन अशा अभ्यासक्रमांना हाच लॅपटॉप लागतो, कारण त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड असते. किंमत साठ-सत्तर हजारांपासून दीड लाखापर्यंत, म्हणजे कित्येक घरांत एखादी मुदत ठेव मोडून किंवा कर्ज काढून घेतलेली ही वस्तू असते.

इंदूरचा एप्रिल सुरू झाला की तक्रारी येऊ लागतात. लॅपटॉप तापतो, पंखा गिरणीसारखा आवाज करतो, चित्र अडखळते, कधी मध्येच सगळे बंद पडते. दुकानात नेला की काही ठिकाणी पाच मिनिटांत निकाल मिळतो, “ग्राफिक्स कार्ड गेलं, बोर्ड बदलावा लागेल.” आकडा तीस-चाळीस हजारांचा असतो.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, शिक्षणाने कॉमर्सचा. शाखेत संगणक आले तेव्हापासून त्यांच्या पोटात काय चालते याची उत्सुकता आहे आणि निवृत्तीनंतर तो छंद झाला. ओळखीच्या घरांतले लॅपटॉप उघडून साफ करून देतो, पैसे घेत नाही. आजवर जे पाहिले त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. तापणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिली शंका थंडाव्याच्या व्यवस्थेवर घ्यावी, कार्डावर नंतर. आणि ती शंका खरी की खोटी हे घरबसल्या, एक रुपया न खर्चता बघता येते. ते कसे, हे या लेखात क्रमाने मांडतो.

कार्ड म्हणजे नेमके काय

टेबलावरच्या मोठ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड ही खरोखरच वेगळी वस्तू असते. स्क्रू काढायचा, कार्ड उपसून काढायचे, दुसरे बसवायचे. लॅपटॉपमध्ये, अगदी मोजके अपवाद सोडले तर, तसे नसते. तिथे ग्राफिक्सची चिप आणि तिची मेमरी मुख्य बोर्डावरच झाळून पक्की केलेली असते. प्रोसेसरही त्याच बोर्डावर. म्हणून लॅपटॉपचे ‘कार्ड बदला’ याचा व्यवहारातला अर्थ ‘सगळा मदरबोर्ड बदला’ असा होतो. चुकीचे निदान इथे एवढे महाग का पडते ते यावरून लक्षात येईल.

आणखी एक माहिती. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये चित्र काढणाऱ्या चिप दोन असतात. एक प्रोसेसरच्या आतली साधी. मेल पाहणे, पत्र टाइप करणे, यूट्यूब लावणे यासाठी ती पुरते. दुसरी ताकदवान, एनव्हिडिया किंवा एएमडी कंपनीची. ती जड कामाच्या वेळी जागी होते आणि एरवी झोपलेली असायला हवी. हे ‘असायला हवी’ पुढे कामाला येणार आहे.

उष्णता येते कुठून, जाते कुठे

जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब आठवा. तासभर चालल्यावर त्याला हात लावायची सोय नसे. आजच्या गेमिंग लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप पूर्ण जोरात असताना मॉडेलप्रमाणे साधारण ६० ते १४० वॉट वीज घेते, काही मोठ्या लॅपटॉपमध्ये त्याहूनही जास्त. प्रोसेसरचे आणखी ४०-५० वॉट वेगळे. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. तीन-चार पोळ्या एकावर एक ठेवाव्यात एवढ्या जाडीच्या डब्यात आपण दीड-दोन बल्ब पेटवून ठेवतो आणि तो थंड राहावा अशी अपेक्षा करतो.

ही उष्णता बाहेर काढण्यासाठी एक साखळी असते.

१. चिप तापते.
२. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म फटी भरून उष्णता पुढे देणे हे त्याचे काम.
३. त्यावर तांब्याचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या चपट्या नळ्या. या नळ्यांत थोडेसे द्रव असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि ते परत येते. असा फेरा अखंड चालू राहतो.
४. नळ्यांचे दुसरे टोक कडेच्या पातळ पत्र्यांच्या जाळीत शिरते. या पत्र्या कंगव्याच्या दातांसारख्या दाट असतात.
५. पंखा खालच्या बाजूने हवा ओढतो आणि या जाळीतून बाहेर फेकतो.

साखळीतली एक कडी अडली की मागचे सगळे तुंबते. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे एकाचा ताप दुसऱ्याच्या अंगावर येतो, हेही ध्यानात ठेवावे.

किती तापमान म्हणजे जास्त

‘हाताला चटका बसतो’ हे माप नव्हे. कीबोर्डच्या वरची पट्टी गरम लागते ती आतल्या नळ्यांमुळे, आणि थोडी गरम लागणे स्वाभाविक आहे. आकडा बघावा.

विंडोज १० च्या २०२० नंतरच्या आवृत्तीत आणि विंडोज ११ मध्ये तो असा दिसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. डावीकडे जीपीयू ० आणि जीपीयू १ अशी नावे दिसतील. ज्याच्यासमोर एनव्हिडिया किंवा एएमडी रेडिऑनचे वेगळे कार्ड लिहिलेले असेल त्यावर क्लिक केले की तापमान अंश सेल्सियसमध्ये दिसते. जास्त तपशील हवा असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा.

आता आकड्यांचा अर्थ. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, पण साधारण हिशेब असा :

• काही काम नसताना ४० ते ५५ अंश : ठीक.
• जड काम चालू असताना ७० ते ८५ अंश : गेमिंग लॅपटॉपसाठी हे नेहमीचे आहे, घाबरू नये.
• ८६-८७ च्या आसपास येऊन तिथेच अडकून बसणे आणि चित्र अडखळणे : एनव्हिडियाच्या बऱ्याच लॅपटॉप चिपची मर्यादा इथे असते. इथे तपासणी हवी.
• ‘हॉट स्पॉट’ नावाचा आकडा दिसला तर तो मुख्य आकड्यापेक्षा १०-१५ अंशांनी जास्त असणे चालते. फरक २५-३० झाला तर पेस्टवर शंका घ्यावी.

खोलीचे तापमान नेहमी सोबत लिहावे. खोली १० अंशांनी तापली तर चिपही जवळपास तेवढीच वर जाते. जानेवारीत ७२ दाखवणारा लॅपटॉप मे महिन्यात दुपारी ८४ दाखवत असेल तर त्यात बिघाड काहीच नाही, तो आपला माळव्याचा उन्हाळा आहे.

मर्यादा गाठल्यावर चिप स्वतःला वाचवते. ती आपला वेग कमी करते, म्हणजे वीज कमी घेते, म्हणजे कमी तापते. आपल्याला दिसते ते एवढेच की खेळ किंवा काम अचानक रखडले. हे चिप खराब झाल्याचे लक्षण नाही. उलट तिची सुरक्षा व्यवस्था नीट चालू असल्याची खूण आहे.

यातूनच पहिली सोपी परीक्षा मिळते. लॅपटॉप अर्धा तास बंद ठेवा. मग तेच जड काम सुरू करा. पहिली पाच-दहा मिनिटे व्यवस्थित चालले आणि नंतर रखडले, परत थंड केल्यावर परत व्यवस्थित चालले, तर दोष बहुधा थंडाव्यात आहे. चिपच गेलेली असेल तर ती अशी वेळ बघून वागत नाही. थंड असतानाही पडद्यावर रंगीत चौकोन किंवा रेघा येतात, पडदा काळा होतो, किंवा विंडोजला ते कार्ड सापडतच नाही.

तीन नोंदींची तपासणी

आता मुख्य भाग. चार्जर लावून, टेबलावर ठेवून, नेहमीचे जड काम किंवा खेळ २० मिनिटे चालू द्या. मग तीन गोष्टी बघा.

पहिली, टास्क मॅनेजरमधले तापमान.

दुसरी, हवेचा जोर. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा आणि मागच्या व बाजूच्या प्रत्येक जाळीसमोर धरा. पट्टी बाहेरच्या दिशेने फडफडली पाहिजे. सगळ्या जाळ्यांची तुलना करा.

तिसरी, हवेची ऊब. त्याच जाळीसमोर चार बोटे अंतरावर हात धरा. हवा गरम आहे की नुसती कोमट?

या तिन्हींचा ताळा असा लावायचा :

तापमान जास्त, हवा जोरात आणि गरम. म्हणजे साखळी काम करते आहे, उष्णता बाहेर पडते आहे. खोली फार तापलेली आहे किंवा कामच फार जड आहे. पुढचे बिनखर्ची उपाय पुरतील.

तापमान जास्त, हवा कमी आणि गरम. म्हणजे उष्णता जाळीपर्यंत येते पण बाहेर पडायला वाट नाही. जाळीत धूळ बसली आहे किंवा पंखा मंदावला आहे. एका बाजूची पट्टी हलतच नसेल तर त्या बाजूला बघायचे.

तापमान जास्त, हवा जोरात पण कोमट. म्हणजे पंखा ठीक, वाट मोकळी, तरी उष्णता जाळीपर्यंत पोहोचत नाही. पेस्ट सुकली आहे, तांब्याचा पत्रा नीट टेकलेला नाही किंवा नळी निकामी झाली आहे. हे उघडून बघण्याचे काम.

तापमान साधारण, तरीही काम रखडते. म्हणजे दुखणे उष्णतेचे नाहीच. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आहे का, चार्जर मूळचाच आणि पुरेशा वॉटचा आहे का, ड्रायव्हर बिघडला आहे का, ते बघावे. गेमिंग लॅपटॉपचे चार्जर १५० ते ३०० वॉटचे असतात. मोबाइलच्या किंवा साध्या लॅपटॉपच्या छोट्या चार्जरवर ग्राफिक्स चिपला पूर्ण वीज मिळत नाही.

एक उदाहरण देतो. परिचयातल्या एका कुटुंबातली मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप साडेतीन वर्षांचा, वॉरंटी संपलेली. इमारतींची त्रिमिती चित्रे तयार करताना तो रडू लागला. दुकानाने ४२ हजारांचा बोर्ड सांगितला, वर पंधरा दिवस लागतील म्हणाले. तिचे सबमिशन आठ दिवसांवर होते. वडील फोनवर म्हणाले, “काका, पैशांचं बघू कसंतरी, पण पोरीचं वर्ष अडकायला नको.”

नोंदी घेतल्या. खोली ३४ अंश. काम नसताना चिप ५३. काम सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांत ८७ आणि तिथेच मुक्काम. उजव्या जाळीसमोर कागदाची पट्टी फडफडत होती, डावीकडे हलतही नव्हती, मात्र पंख्याचा आवाज दोन्हीकडून येत होता. पंखा फिरतो आहे पण हवा बाहेर येत नाही, याचा अर्थ वाट बंद. मागचे झाकण काढल्यावर डावा पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर निघाला. तो अख्खा चिमट्याने उचलता आला. पेस्टही सुकून कडक झाली होती, ती बदलली. त्याच खोलीत, त्याच कामाला चिप ७६ वर स्थिरावली. खर्च पेस्ट आणि साफ करायचे अल्कोहोल धरून आठशे रुपयांच्या आत. सबमिशन वेळेवर झाले.

प्रत्येक वेळी असेच होते असे म्हणणार नाही. बोर्ड खरोखर गेलेलेही असतात. पण दोन नोंदी घ्यायला अर्धा तास लागतो आणि त्या न घेता ४२ हजारांचा निर्णय घेऊ नये, एवढेच.

बिनखर्ची उपाय, याच क्रमाने

१. जागा बदला. गादी, उशी, पांघरूण, मांडी यांवर गेमिंग लॅपटॉप चालवू नये. हवा आत घेण्याची भोके खालच्या बाजूला असतात आणि कापूस ती पूर्ण बंद करतो. टणक टेबल हवे. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून धरली की खालून हवा मिळते. बाटलीची दोन सारखी झाकणे किंवा लाकडी पट्टी पुरते. मागची जाळी भिंतीपासून वीतभर लांब असावी.

२. खोली बघा. दुपारी गच्चीखालच्या खोलीत जड काम करण्यापेक्षा सकाळी किंवा रात्री करावे. आपल्याकडे कूलर घरोघरी असतो. त्याने खोली थंड होते हे चांगलेच, पण लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. त्या हवेत ओल असते आणि बारीक तुषारही. लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणे, खाली बर्फाची पिशवी किंवा ओले फडके ठेवणे हे प्रकार तर अजिबात नको. आत दव धरते आणि मग बोर्ड खरोखरच जातो.

३. फुकटचे श्रम थांबवा. पडदा १४४ हर्ट्‌झचा असतो म्हणून खेळ सेकंदाला शंभर-दीडशे चित्रे काढत बसतो. कित्येक खेळांच्या नुसत्या मेन्यूवरही चिप पूर्ण जोरात पळत असते. खेळाच्या सेटिंगमध्ये किंवा एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या ‘मॅक्स फ्रेम रेट’मध्ये ६० ही मर्यादा घाला. चित्र डोळ्याला व्यवस्थितच दिसते आणि विजेचा व उष्णतेचा आकडा बराच उतरतो. सगळ्या उपायांत हा मला सर्वांत गुणकारी वाटतो. नातवंडे कुरकुर करतील. त्यांना पंख्याचा आवाज आधी आणि नंतर ऐकवा.

४. मोड बदला. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम लॅपटॉपसोबत येतो. आसुसचा आर्मरी क्रेट, लेनोव्होचा व्हँटेज, एसरचा नायट्रोसेन्स, एचपीचा ओमेन गेमिंग हब. त्यात सायलेंट, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स किंवा टर्बो असे पर्याय असतात. रोजच्या कामाला बॅलन्स्ड ठेवावा. जड कामाला परफॉर्मन्स लावला तर पंखेही जोरात ठेवावेत. सायलेंटमध्ये पंखे मंद असतात, तो मोड जड कामाला नाही.

५. झोपलेली चिप जागी कोण ठेवतो ते शोधा. काही काम नसताना चिप ६०-६५ दाखवत असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’मध्ये जीपीयूचा रकाना पाहा. एखादा ब्राउझर, चालत्या चित्राचा वॉलपेपर किंवा खेळाचा लाँचर ती वापरत असतो. ओळखीचे नाव नसलेला प्रोग्राम सतत मोठा टक्का खात असेल तर व्हायरसची तपासणी करा. दुसऱ्याच्या संगणकावर गुपचूप क्रिप्टो चलन काढणारे प्रोग्राम असेच काम करतात. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये मोठी चिप जागीच राहते, त्याचीही नोंद ठेवावी.

कूलिंग पॅड घ्यावा का, हा नेहमीचा प्रश्न. हवेची भोके खालीच असतील तर त्याने थोडे अंश उतरतात. पण आत जाळी तुंबलेली असेल तर खालून कितीही वारा घाला, उपयोग नाही. आधी सफाई, मग पॅड.

धूळ आणि पेस्ट

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पुढे आहे, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण लॅपटॉपच्या पंख्याला ते माहीत नाही. गालिच्याचे धागे, केस, काळ्या मातीची बारीक धूळ सगळे तो आत ओढतो. टेबल स्वयंपाकघराजवळ असेल तर फोडणीचा तेलकट धूर ती धूळ चिकट करतो, देवघराजवळ असेल तर उदबत्तीचा. मग ती नुसत्या फुंकरीने निघत नाही.

न उघडता करायची सफाई अशी. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. हवेचा डबा किंवा लहान ब्लोअर घेऊन जाळीतून थोडा-थोडा झोत मारा. त्या वेळी पंखा फिरू नये म्हणून खालच्या भोकातून लाकडी काडीने त्याचे पाते हलकेच अडवून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने स्थिर वीज तयार होऊन आतल्या भागांना धोका असतो. मोठी मर्यादा अशी की पंखा आणि जाळी यांच्यामधला जाड थर या उपायाने पूर्ण निघत नाही, बाहेरून मारलेल्या झोताने तो उलटा आत ढकललाही जातो. तीन वर्षांत एकदाही झाकण उघडले नसेल तर उघडूनच सफाई करावी.

उघडण्याआधी वॉरंटी पाहा. वॉरंटी चालू असेल तर स्वतः हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. संपली असेल आणि घरात कुणाचा हात बसलेला असेल तर ही पथ्ये पाळा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर झाकणाचे चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावा. झाकण उघडल्यावर सगळ्यांत आधी बॅटरीचा जोड काढा. पंख्याची वायर ओढू नका, तिचा जोड नखाने सोडवा.

पेस्ट साधारण तीन-चार वर्षांत सुकते किंवा चिपच्या मधून कडेला सरकते. ती बदलणे हे धूळ काढण्यापेक्षा नाजूक काम आहे. मेमरीच्या चिपवर रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात, त्या फाटल्या तर त्याच जाडीच्या लागतात. जाडी चुकली तर तांब्याचा पत्रा मुख्य चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढते. काही महागड्या मॉडेलमध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू घातलेला असतो. त्यातून वीज वाहते, एक थेंब बोर्डावर पडला तर सगळे संपते. आपल्या मॉडेलमध्ये काय आहे हे आधी पाहावे आणि द्रवरूप धातू असेल तर जाणकाराकडेच द्यावे.

इथे ताबडतोब थांबावे

काही खुणा दिसल्या तर वरची कुठलीही तपासणी करत बसू नये.

• टचपॅड वर आला आहे, कीबोर्ड मध्ये फुगला आहे किंवा खालचे झाकण टेबलावर डोलते आहे. बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग थांबवा. झाकण दाबून बसवू नका, बॅटरीला टोचू नका, आग लागू शकते. सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचऱ्यातच द्यावी.
• जळका किंवा गोडसर रासायनिक वास.
• पंख्यातून खरखर आणि सुरू होताना पडद्यावर पंख्याच्या चुकीचा संदेश. पंखा बदलावा, तो स्वतंत्र मिळतो आणि बोर्डाच्या मानाने फारच स्वस्त असतो.
• थंड असतानाही पडद्यावर रंगीत रेघा. आधी बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा. रेघा तिथेही दिसल्या तर चिपवर शंका घ्यायला जागा आहे. तिथे नसतील तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या वायरचा असू शकतो.

दुकानात देताना

इथे मात्र मी बँकवाल्याच्या अधिकाराने बोलतो. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले नेट बँकिंगचे पासवर्ड काढून टाका, मेलमधून लॉग आऊट करा. आधार, पॅन, पासबुकाचे स्कॅन डेस्कटॉपवर पडलेले असतात, ते हलवा. तपासणीसाठी पासवर्ड द्यावाच लागला तर तात्पुरता ठेवा आणि परत आल्यावर बदला.

दुकानदाराला चार प्रश्न विचारा. कार्ड गेले हे कोणत्या तपासणीवरून म्हणता? सफाई आणि पेस्ट करून पाहिली का? खर्चाचा अंदाज लेखी द्याल का? बदललेला जुना भाग परत मिळेल का? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. आपल्या शहरात असे कारागीर भरपूर आहेत आणि त्यांची मजुरी त्यांना आनंदाने द्यावी.

शेवटी एक सवय सुचवतो. लॅपटॉपच्या पिशवीत एक छोटी वही ठेवा. दर तीन महिन्यांनी चार आकडे लिहा : तारीख, खोलीचे तापमान, काम नसतानाचे तापमान, २० मिनिटे जड कामानंतरचे तापमान. पासबुकासारखेच आहे हे. खोलीचे तापमान तेच असून शेवटचा आकडा हळूहळू चढत असेल तर धूळ साठते आहे असे समजावे आणि मे महिना उजाडण्याआधी सफाई उरकून घ्यावी. दुकानातही ही वही दाखवली की बोलणे अंदाजाने होत नाही, आकड्यांवर होते.

ज्यांना पहिल्यांदा नोंदी घेताना अडचण येईल त्यांनी मंडळाच्या मासिक बैठकीला लॅपटॉप, चार्जर आणि टिश्यू पेपरची एक पट्टी घेऊन यावे. आपण एकत्र बसून बघू.